रत्नाक्का आणि सातूचे मोड

रत्नाक्काच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला काकडीचा वास आला. नुकत्याच चिरलेल्या कोवळ्या काकडीचा. शहरातल्या अनगोळ भागातल्या मागच्या गल्लीतलं ते बैठं घर. वर गच्ची, पुढे दोन खोल्या आणि मागे एक अंधारी, गार खोली. मी फिजिओथेरपिस्ट. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती, आणि आधी येणारा फिजिओथेरपिस्ट गाव सोडून गेला म्हणून मला बोलावणं आलं होतं. दारात उभं राहून मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "कोशिंबीर चाललीय वाटतं."

"न्हाय," आतून आवाज आला. "चपला भाईरच सोडा, डॉक्टर. आणि खाली बघून या. वलांडू नका त्येला."

त्येला म्हणजे धान्याला. मागच्या खोलीत फरशीवर ओलं गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर चार बोटं जाडीचा दाण्यांचा थर. प्रत्येक दाण्याच्या बुडाशी पांढरी मुळं फुटलेली. काकडीचा वास त्यांचाच. पंचेचाळिशी ओलांडलेली एक बाई गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांची बोटं पसरून तो थर खालवर करत होती. झोपलेल्या मांजराला उठवायचं नसेल तर आपण त्याच्या पोटाखालून जसा हात काढून घेतो, तसा तिचा हात चालला होता.

"सातू हाय. जव म्हणतात ते," तिने न विचारताच सांगितलं. "माल्ट करते मी."

माल्ट म्हणजे लहान पोरांना देतात ते नाचणीचं सत्त्व, एवढंच मला ठाऊक. मी मान हलवली आणि पुढच्या खोलीत गुरुजींकडे गेलो. पुढची चार वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता मी त्या घरात जात राहिलो.

गुरुजी म्हणजे तिचे आप्पा, निपाणीच्या प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, जीभ जड झालेली. सगळं समजायचं, पण बोलायला गेले की चार-पाच शब्दांपलीकडे काही हाती लागत नसे. तिची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. धाकटा भाऊ मिलिंद बंगळुरात. तिने लग्न केलं नव्हतं. घरात ही दोघं आणि सातू.

रत्नाक्काला दाणे चावायची सवय होती. गाऊनच्या खिशात पाच-सहा दाणे कायम असायचे. फोनवर बोलता बोलता, दूध तापत असताना, गुरुजींचा पाय माझ्या हातात असताना ती एक दाणा काढायची, अंगठ्याच्या नखाने त्याची साल उभी चिरायची आणि आतला कोंब डोळ्यांजवळ नेऊन बघायची. "अजून पाव भाग राहिलाय," असं पुटपुटायची आणि दाणा दाताखाली टाकायची. कोंब सालीच्या आतल्या आत दाण्याच्या टोकापर्यंत वाढत जातो. तो टोकाशी यायला आला की थांबवायचं. थांबवायचं म्हणजे वाळवायचं, आधी मंद उष्णतेत आणि मग कडक. उशीर झाला तर दाण्यातला सगळा जीव कोंबच खाऊन टाकतो, लवकर केलं तर दाणा आत दगडासारखा राहतो.

एकदा मी सहज म्हणालो, "आक्का, बिचाऱ्याला उगवायची आशा लावायची आणि ऐन वेळी भाजायचं. पाप आहे बघा."

ती हसली. "तू कवी कवापासनं झालास रं? पाय धर नीट आप्पांचा."

वाळवण्यासाठी तिने एक जुनं लोखंडी कपाट घेतलं होतं. त्यात जाळीचे ट्रे, खाली हीटरची कॉइल, मागे लहान पंखा, आणि दाराला भोक पाडून बसवलेला थर्मामीटर. या धंद्यात त्याला भट्टी म्हणतात, हे मला पुढे कळलं. पण ती कधी भट्टी म्हणायची नाही. "कपाट लावलंय," "कपाट बंद कर जरा," असंच. मला वाटायचं, सवय असेल.

तिचं आधीचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही ती कामात असताना. हातात काम नसेल तर ती स्वतःबद्दल बोलायची नाही. कोल्हापुरात एम.एस्सी. केलं आणि मग उत्तरेत एका माल्टच्या कारखान्यात नोकरी लागली. बिअरच्या कंपन्यांना माल्ट पुरवणारा मोठा कारखाना. तिथे ती प्रयोगशाळेत शिरली आणि एकोणीस वर्षांनी उगवणीच्या पूर्ण विभागाची प्रमुख झाली. तीनशे टनांचा ढीग नुसता हुंगून सांगायची म्हणे, की मधे कुठेतरी गरम झालंय.

घरी पत्र लिहिलं तेव्हा तिने 'धान्याची कंपनी' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. गुरुजी विहारात सगळ्यांना सांगायचे, "आमची रत्ना धान्यशास्त्रज्ञ आहे." तिने ते कधी दुरुस्त केलं नाही.

आप्पांना झटका आला तेव्हा ती एक महिन्याच्या रजेवर आली. महिन्याचे दोन झाले, मग बिनपगारी सहा, मग तिकडून पत्र आलं. आप्पांना सांभाळायला दोन बायका ठेवून बघितल्या. पहिली पंधरा दिवसांत गेली, दुसरी आठ दिवसांत. मिलिंद म्हणाला, बंगळुराला आणतो, पण तिथे चौदाव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आणि नवराबायको दोघंही नोकरीला. ती राहिली. बाहेर जायचं तर शेजारच्या काकूंना बसवून. त्या दोन तास बसायच्या, त्यापुढे त्यांच्या नातवंडांची शाळा सुटायची. म्हणून रत्नाक्काचं सगळं जग अनगोळपासून दोन तासांच्या आतलं. दवाखाना, बँक, रविवार पेठ.

त्या रविवार पेठेतच तिने पहिल्यांदा सातू शोधायला सुरुवात केली. दुकानदाराने चकचकीत पांढरे दाणे पुढे केले. तिने एक चावला आणि परत टाकला. "हे मेलेलं हाय. घासून साल काढलीय ह्याची. उगवणार न्हाय." दुकानदार म्हणाला, "बाई, खिचडीला पाहिजे का पेरायला?" ती म्हणाली, "भिजवायला." सालीसकट जिवंत सातू मिळवायला तिला चार महिने लागले. शेवटी खानापूरकडच्या एका खेड्यातला शेतकरी, कल्लाप्पा पाटील, कुणाच्या तरी ओळखीने फोनवर भेटला. त्याने हिवाळ्यात दहा गुंठे सातू पेरायचं कबूल केलं. बी तिने उत्तरेतल्या जुन्या ओळखीने मागवलं. कल्लाप्पा फोनवर फोटो पाठवायचा. हिरवं रान, मग लोंब्या, मग पिवळं. ती ते फोटो मोठे करकरून बघायची. "पाणी जरा जास्ती दिलंय बघ ह्यानं."

त्या शेतात ती एकदाही गेली नव्हती. जाऊन-येऊन आणि बांधावर पंधरा मिनिटं उभं राहून दोन तासांत ते बसत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पीक कापणीला आलं तेव्हा मी म्हणालो, "आक्का, शुक्रवारी मी पुढची व्हिजिट ठेवत नाही. चार तास इथेच बसतो. तुम्ही शेत बघून या."

तिने नाही-नाही केलं, पण शुक्रवारी ती तयार होती. निळा ड्रेस, पायांत बूट, डोक्याला रुमाल. स्कूटर काढली आणि गेली. मी गुरुजींचा व्यायाम घेतला, मग पेपर वाचून दाखवला. दीड तासाने स्कूटरचा आवाज आला.

"एवढ्यात? बघून आलात शेत?"

"व्हय," ती म्हणाली. "लई झकास आलंय."

ती आत गेली आणि थेट सातूपाशी बसली. पण मी राहतो पिरनवाडीत, खानापूरच्याच रस्त्यावर, आणि दोन दिवसांनी आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मला विचारलं, "अण्णा, तुमचं नाव सांगत हुती, ती तुमच्या पेशंटची मुलगी न्हवं का? परवा हितं येऊन तासभर बसलती. दोन चहा घेतले. मच्छ्याच्या रस्त्याकडं बघत बसलती नुसती."

सोमवारी मी काही विचारायच्या आधी तिनेच सांगितलं, दाणे खालवर करताना, माझ्याकडे न बघता. "तुजा चहावाला बोलला असंल. पिरनवाडीपर्यंत गेले रं. म्होरं जमलंच न्हाय. गाडी चालूच हुती, रस्ता मोकळा, कोण अडवतंय? पर छातीत असं काय तरी व्हायला लागलं, की मी जर आत्ता म्होरं गेले तर म्होरंच जाईन. म्हणून बसले."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "कल्लाप्पाला सांगू नकोस. त्येला वाटंल, आक्काला त्याचं शेत आवडलं न्हाय."

ती घरी बिअरही करते, हे मला दीड वर्षांनी कळलं. तोवर माझ्यावर तिचा विश्वास बसला असावा. स्वयंपाकघरातल्या कपाटात खालच्या कप्प्यात तिचा पाच लिटरचा काचेचा बुधला होता, तोंडाला रबरी बूच आणि बुचातून निघालेली वाकडी नळी. त्यातून बुडबुड आवाज यायचा. "माल्ट कसलं झालंय ते माल्टवरनं कळत न्हाय," तिने मला समजावलं. "बिअर करूनच कळतं. परीक्षेबिगर पास का नापास ठरवणार कसं?"

तिने दाखवलं ते मी बघितलं. भरडलेलं माल्ट कोमट आणि गरम यांच्या बरोबर मधल्या पाण्यात एक तास ठेवायचं. तास संपला की ते पाणी गोड होतं. कुठून गोडी आली? साखरेचा कण नाही. ती तेव्हा एकदम वेगळी दिसायची, चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखं काहीतरी यायचं. "बघ, बघ चाखून! हे त्या दाण्यानं सोता केलंय. मी फक्त उठवलं त्येला." मग ते गाळून उकळायचं, कडूपणासाठी हॉप्सच्या वाळलेल्या फुलांच्या गोळ्या घालायच्या, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून एका वेळी चारच लिटर, आणि चाचणी झाली की उरलेली मोरीत.

आणि ती स्वतः पीत नव्हती. घोट तोंडात घ्यायची, डोळे मिटायची, गालांत फिरवायची आणि मोरीत थुंकायची. एकोणीस वर्षं तिने हेच केलं होतं. कारखान्यात लोक हसायचे म्हणे.

"पंचशील म्हणताना पाचव्याला काय म्हणतो आपण? सुरा आणि मेरय," तिने मला एकदा सांगितलं. "सुरा म्हंजे गाळलेली दारू. मेरय म्हंजे आंबवलेली. आप्पांनी आमाला अर्थ सांगून पाठ करून घेतलंय, नुसती पोपटपंची न्हाय. त्यामुळं मला पळवाट न्हाय रं. बिअर म्हंजे मेरयच. गिळणार न्हाय एवढंच मी माझ्यापुरतं ठरीवलं."

गिळायला माणूस लागतो. तो मी झालो. प्रत्येक खेपेची एक बाटली माझ्या बॅगेत यायची आणि मी ती पिरनवाडीला नेऊन प्यायचो. पहिल्या वेळी मी येऊन सांगितलं, "छान होती."

"छान म्हंजे?" ती तडकली. "लग्नातली भाजी हाय व्हय ती? वास कसला आला? फेस किती वेळ टिकला? कडूपणा जिभेच्या म्होरं लागला का मागं?"

पुढच्या वेळी मी वही घेऊन बसलो. मला बिअरमधलं काही कळत नव्हतं, पण हळूहळू मी लिहायला लागलो. भाकरीच्या पापुद्र्यासारखा वास. शेवटी जरा गवत. ती ते वाचायची आणि कपाटातल्या ट्रेपाशी जाऊन विचार करत उभी राहायची. एकदा मी लिहिलं, 'निपाणीच्या बसस्टँडवरच्या भाजलेल्या शेंगा.' ती इतकी खूश झाली की तिने मला ताटभर थालीपीठं करून घातली.

एकदा मी विचारलं, "आक्का, एवढं सगळं कशासाठी करताय? विकायचं नाही, प्यायचं नाही."

तिने खिशातला एक दाणा काढून नखाने चिरला. "हात इसरतील म्हणून," ती म्हणाली.

गुरुजींना सत्त्वाची पेज लागायची. ती त्याच माल्टची करायची, थोडी नाचणी घालून, ना पातळ ना घट्ट. तिचं भरवणं बघण्यासारखं होतं. हनुवटी छातीकडे झुकवायची, अर्धा चमचा जिभेच्या डाव्या बाजूला ठेवायचा आणि गळ्याकडे बघत थांबायचं. एकदा गिळलं तरी पुढचा चमचा नाही. दुसऱ्यांदा कोरडं गिळू द्यायचं, मग पुढचा. एक वाटी संपायला चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांत फोन वाजला, दार वाजलं, तरी ती उठायची नाही.

मग एका बुधवारी माथूरसाहेब आले. तिचे कारखान्यातले जुने वरिष्ठ, सत्तरीचे, उंच, बोलके. तिने एकदा त्यांना नमुना म्हणून सातूचं माल्ट आणि त्याच पद्धतीने करून बघितलेलं जोंधळ्याचं माल्ट पार्सलने पाठवलं होतं. निवृत्तीनंतर ते तुमकूरच्या बाजूला लहानसा माल्टचा कारखाना काढत होते आणि तिने तो चालवावा म्हणून खुद्द विचारायला आले होते. मी नेहमीप्रमाणे पलंगापाशी बसून गुरुजींचा उजवा हात कोपरात हळूहळू सरळ करत होतो. माथूरसाहेबांनी वाकून गुरुजींना नमस्कार केला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "मास्टरजी, आप की बेटी जैसा बीयर का माल्ट पूरे देश में कोई नहीं बनाता!"

रत्नाक्का चहाचा ट्रे घेऊन दारातून आत येत होती. ती जागीच थांबली.

गुरुजींचा हात माझ्या हातात होता. त्या हाताला मी दोन-अडीच वर्षं मऊ करत आलो होतो. तो माझ्या बोटांखाली एकदम लाकडासारखा घट्ट झाला आणि छातीशी ओढला गेला. त्यांना हिंदी उत्तम येत होती.

माथूरसाहेबांना काही कळलं नाही. ते तासभर बोलून, महिन्याभरात कळव म्हणून सांगून गेले. त्यांची गाडी गल्लीतून वळली आणि गुरुजींच्या तोंडून एकच शब्द आला, बऱ्याच महिन्यांतला पहिला स्पष्ट शब्द. "भट्टी."

त्या दुपारी तिने पेजेची वाटी आणली. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

ती भट्टी हा शब्द का टाळायची, ते तिने मला त्या दिवशी गच्चीवर सांगितलं. ती सात वर्षांची असताना निपाणीतल्या त्यांच्या वस्तीत दारूच्या तीन भट्ट्या होत्या. गुरुजींचा थोरला भाऊ त्यातल्याच एकीच्या दारूने गेला. तेराव्या दिवशी गुरुजींनी पहार घेतली आणि तिन्ही भट्ट्यांवरची मडकी फोडली. लोकांनी त्यांना मारलं, डोकं फुटलं, तरी थांबले नाहीत. "मी त्येंची छत्री धरून हुबी हुते. सगळ्या गल्लीत ते आंबलेलं पाणी व्हावत हुतं. माझं नाक तितंच तयार झालं बघ," ती म्हणाली.

शुक्रवारी मी गेलो तेव्हा गुरुजींनी दोन दिवसांत काही खाल्लं नव्हतं. शेजारच्या काकूंनी चमच्याने पाणी पाजायचा प्रयत्न केला तेवढंच. मी वाटी घेतली. माझ्यासमोर त्यांनी तोंड उघडलं, लगेच. मी अर्धा चमचा ठेवला. पुढच्या क्षणी त्यांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठ निळे. मी त्यांना पुढे वाकवून पाठ थोपटली तेव्हा कुठे श्वास आला. माझं शिक्षण, माझा अनुभव, सगळं होतं. पण त्यांचा गळा माझ्या हाताला ओळखत नव्हता.

रत्नाक्का दारातून बघत होती. ती मागच्या खोलीत गेली आणि मोड आलेल्या सातूचा ट्रे घेऊन आली. तो तिने गुरुजींच्या मांडीवर ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसली.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमीच सांगायचा, अर्थ कळल्याबिगर पाठ करायचं न्हाय आणि अर्थ कळल्याबिगर टाकायचं बी न्हाय. आता मी सांगते, तुमी ऐका."

आणि तिने सगळं सांगितलं. भिजवण्यापासून. दाणा कसा श्वास घेतो, त्याला पाण्याबाहेर का काढावं लागतं, कोंब, कपाट, मग कारखाना, तिथून माल कुठे जातो, त्याचं काय होतं. बिअर हा शब्द तिने न चाचरता उच्चारला. पाऊण तास लागला. गुरुजी एकटक बघत होते. डाव्या हाताने त्यांनी एक दाणा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"पितीस?" त्यांनी विचारलं. शब्द वेडावाकडा आला, पण आला.

"न्हाय, आप्पा. थुंकते."

त्यांनी दाणा परत ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाले, "लोक?"

रत्नाक्काकडे सगळ्या गोष्टींची उत्तरं असायची. मी तिला वाद घालताना बघितलं होतं, डॉक्टरांशी, बँकेच्या साहेबाशी, माझ्याशी. या वेळी ती ट्रेकडे बघत एवढंच म्हणाली, "लोक पितात."

तिने वाटी घेतली, चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं. चाळीस मिनिटांत वाटी संपली. तोंड पुसून ती उठणार, तोच त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "जा."

तिने माझ्याकडे बघितलं. "कुठं जा म्हणतात रं? तुमकूरला का डोळ्यापुढनं?"

मला त्यांचा प्रत्येक स्नायू ठाऊक होता, पण ते मला सांगता आलं नाही. तिने त्यांनाही पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर तिने बिअर करणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. काचेचा बुधला धुऊन माळ्यावर ठेवला. माल्ट मात्र चालू होतं. "आता आंधळ्यासारखं करते," म्हणायची. पण त्या 'जा'चा अर्थ तिने मनाशी एक धरला असावा, कारण तिने मिलिंदला बोलावून घेतलं. तो दहा दिवसांची रजा काढून आला. तिने त्याला चार दिवस भरवायला शिकवलं, माझ्यासमोर. मिलिंद चांगला माणूस. मन लावून शिकला. आणि ती तुमकूरला गेली, जागा बघायला, आठ दिवसांसाठी.

तिसऱ्या दिवशी मिलिंदचा मला फोन आला. मी पोचलो तेव्हा गुरुजींना ताप होता आणि छातीत घरघर. अन्न श्वासनलिकेत गेलं होतं. मिलिंद रडकुंडीला आला होता. "ते तोंड उघडतात हो, नाही म्हणत नाहीत. मी ताईने सांगितलं तसंच करतो. तरी काय होतंय?" आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाक्का बसस्टँडवरून थेट तिथेच आली, खांद्याला बॅग, केसांत माल्टची धूळ. गुरुजी तिला बघून रडले. झटका आलेल्यांना रडू आवरत नाही, कधी कधी त्यात काही अर्थही नसतो, हे मी जाणतो. म्हणून त्या रडण्याबद्दल मी काही सांगणार नाही. तिने त्यांचं तोंड पुसलं आणि नर्सला विचारलं, "चमचा हाय का लहान?"

घरी आल्यावर गुरुजींच्या तोंडात तो एक शब्द बसून गेला. सकाळी चहा दिला की "जा." पाठ पुसली की "जा." मेंदूच्या अशा दुखण्यात एखादा शब्द असा अडकून बसतो. पण घराच्या कानांना ते कोण सांगणार? पहिल्या पहिल्यांदा ती दचकायची. मग म्हणायला लागली, "जाते हं आप्पा," आणि तिथेच बसून राहायची.

तुमकूरबद्दल मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "लई भारी हाय रं. गार खोल्या, उतारावरनं पाणी, जोंधळ्याचं पोतं वर चढवायला यंत्र. दोन रोज मी खाली बसलेच न्हाय." मग आप्पांच्या पलंगाकडे बघून म्हणाली, "आप्पांचा गळा दगा देतोय, आप्पा न्हाय. त्येंचा राग तरी कसा करू? कुणाचा तरी राग करायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

गेल्या वर्षी मला निपाणीच्या इस्पितळात नोकरी लागली. शेवटच्या आठवड्यात मी माझ्या जागी येणाऱ्या मुलीला घेऊन सगळ्या पेशंटांकडे फिरलो आणि सोमवारी अकरा वाजता अनगोळला गेलो. दार लोटलेलं होतं. आतून रत्नाक्काचा आवाज येत होता म्हणून मी उंबऱ्यातच थांबलो.

पलंगावर गुरुजी उशांना टेकून बसले होते आणि बघत होते. त्यांच्या समोर खुर्चीत रत्नाक्का बसली होती. तिने गुरुजींसारखाच उजवा हात पोटाशी दुमडून ठेवला होता, अंग एका बाजूला कललेलं, हनुवटी छातीकडे झुकलेली, डोळे मिटलेले. आणि तिच्यापुढे स्टुलावर एक चाळिशीची बाई वाटी-चमचा घेऊन बसली होती. मच्छ्याची पारव्वा. एका कारखान्यात पॅकिंगला होती, तो बंद पडला म्हणून कामाच्या शोधात आली होती, असं मला नंतर कळलं.

पारव्वाने चमचा पुढे केला. रत्नाक्काने गिळलं. पारव्वा लगेच दुसरा चमचा भरू लागली.

"थांब," रत्नाक्का डोळे न उघडता म्हणाली. "गळ्याकडं बघ माझ्या. आणि एकदा गिळू दे."

"आक्का, आज पंधरावा दिस हाय," पारव्वा म्हणाली. "कवा यायचं मला हे?"

"येतंय. न्हाय आलं तर सोळावा दिस. घाई हाय व्हय तुला?"

माझ्याबरोबरची मुलगी आत जाऊ लागली. मी तिला हाताने थांबवलं. माथूरसाहेबांनी ती जागा अजून मोकळी ठेवलीय का, हे मी विचारलेलं नव्हतं, आणि आता विचारायची हिंमतही नव्हती. पलंगावरून गुरुजी म्हणाले, "जा." कुणीच वळून बघितलं नाही. रत्नाक्काने पुन्हा गिळलं, कोरडं. मग तसेच डोळे मिटून तिने हळूच तोंड उघडलं आणि पुढच्या चमच्याची वाट बघत बसली.